सावकाश म्हणजे थांब

लिफ्ट दुरुस्तीच्या त्या कंपनीत त्याला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. मालकांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांसाठी तो ‘सावकाश’ होता. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकावी, आतल्या माणसांनी आरडाओरडा करावा, बाहेरच्यांनी हमरीतुमरीवर यावं, आणि मग याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवून, दाराच्या फटीला तोंड लावून म्हणावं, “सावकाश. सगळं सावकाश होणार आहे. आपल्याला कुठे घाई आहे?” एकेक शब्द जिन्याची पायरी उतरल्यासारखा यायचा. आतला गलका हळूहळू बसायचा. बाहेरची माणसं एकमेकांकडे बघायची. हा इतका निवांत आहे, म्हणजे घाबरण्यासारखं काही नसणार.

“याच्या डोक्यावर बर्फाची लादी ठेवली तर ती वितळायची नाही,” असं मालक नव्या गिऱ्हाइकांना सांगत.

घरीही तीच ख्याती. बायको शेजारणींना सांगायची, “यांच्याशी भांडायचं म्हणजे माझं मी बोलायचं आणि यांचंही मीच बोलायचं.”

सावकाश हे सगळं ऐकून हसायचा आणि आतून आकसायचा. दुसऱ्याचा कोट घालून लग्नाला जावं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने कापडाची तारीफ करावी, तसं त्याला व्हायचं. कारण त्याच्या मते त्या कंपनीत त्याच्याइतका घाबरट माणूस दुसरा नव्हता. फोन वाजला की त्याच्या पोटात गोळा यायचा. लिफ्टच्या दाराशी उभं राहिलं की पाठीला घाम फुटायचा. आणि तो सावकाश बोलायचा, कारण जरा घाईने बोलायला गेला की तो तोतरा व्हायचा.

लहानपणी तर त्याची जीभ पार लुळी पडायची. सगळ्यात मोठा वैरी ‘थ’. वर्गातली मुलं त्याला गाठून म्हणायची, “ए, थर्मामीटर म्हण ना!” आणि तो ‘थ-थ-थ’ करत लालेलाल झाला की पोट धरून हसायची. आई तेवढी हसायची नाही. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायची, “सावकाश बोल बाळा, सावकाश.” तिच्या त्या एका शब्दाला धरून तो मोठा झाला. ‘स’ने सुरू होणारे शब्द ओढता येतात, स्वर लांबवता येतात, अडणारा शब्द आधीच दिसला तर त्याला वळसा घालता येतो, हे सगळं त्याने आपलं आपण शोधून काढलं. नोकरीसाठी गाव सोडलं तेव्हा ती युक्ती तो बरोबर घेऊन आला आणि तोतरेपणा मागे सोडून आला. निदान इथल्या लोकांच्या दृष्टीने. आई गेल्यावर तर तो प्रकार माहीत असलेलं माणूसच उरलं नाही, असं तो धरून चालला होता.

फक्त धंदाच त्याने असा निवडला होता की ज्यात ‘थांब’ या शब्दावाचून चालत नाही. अडकलेली लिफ्ट हलवायची तर एकाने वर मशीनच्या खोलीत जाऊन ब्रेक सोडायचा आणि हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्याने खाली दाराशी उभं राहून ओरडून सांगायचं, घे, हळू, थांब. त्याला ‘घे’ जमायचं. ‘थांब’ घशातच राहायचं. ‘बस’ करून पाहिलं, तर ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत. ‘स्टॉप’मधला ‘स’ निघायचा आणि ‘ट’ दातांशी अडून बसायचा. शेवटी त्याने ‘सावकाश’लाच दोन्ही कामांना जुंपलं. ओढून म्हटलेलं सावकाश म्हणजे हळू. तुटक, खाली पाडून म्हटलेलं सावकाश म्हणजे थांब. हे त्याने कुणाला समजावून सांगितलं नव्हतं. चाकावर कायम त्याचा मेहुणा असायचा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मालकांसकट सगळी कंपनी त्याला ‘मेहुणा’च म्हणायची, त्यामुळे तो अख्ख्या कंपनीचा मेहुणा झाला होता. त्याला बरोबर राहून राहून ती भाषा कळायला लागली होती. तेवढ्यावर सगळं निभत आलं होतं.

त्या दिवशी सकाळी मालकांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

“बस. पुढच्या महिन्यापासून तू लिफ्टला हात लावायचा नाहीस,” मालक म्हणाले.

सावकाश खुर्चीच्या कडेवर टेकला.

“अरे, तोंड कशाला पाडतोस? आता तू नव्या माणसांना शिकवायचं. समोर उभा राहा आणि बोल. स्क्रू पिळायला कुणीही शिकवेल. मला त्यांना तुझी शांती द्यायची आहे. ती बाजारात मिळत नाही.”

“विचार करून सांगतो,” सावकाश म्हणाला. शब्द एकेक करून बाहेर आले.

“बघ! दुसरा असता तर उडी मारली असती!” मालक खूश होऊन म्हणाले.

तेवढ्यात फोन आला. जुन्या चार मजली इमारतीत लिफ्ट अडकली होती आणि आत एक म्हाताऱ्या बाई होत्या. मेहुणा दुसऱ्या कामावर गेला होता. मालकांनी पैलवानाला हाक मारली. पैलवान म्हणजे नुकताच दुसरी कंपनी सोडून आलेला चाळिशीचा गडी. मान नाही, नुसते खांदे. कामाला वाघ, पण या कंपनीत अजून रुळायचा होता.

“चल, मीही येतो,” मालक त्याला म्हणाले. “सावकाश कसं काम करतो ते डोळ्यांनी बघ.”

इमारतीचा जिना अरुंद होता आणि भिंतींना दातांच्या दवाखान्याचा औषधी वास चिकटला होता. दवाखाना वरच्या, म्हणजे चौथ्या मजल्यावर. त्याच्याही वर गच्चीवर मशीनची खोली. चौथ्या मजल्यावर पोचल्यावर पैलवानाने विचारलं, “भाऊ, तुमचे इशारे कसे असतात?”

हा प्रश्न साधा होता. उत्तरही साधं होतं: मी तुटक ‘सावकाश’ म्हटलं की थांबायचं. पण मग पैलवान विचारणार, ‘थांब’च का नाही म्हणत? आणि मालक शेजारी उभे होते, हाताची घडी घालून, कौतुकाने बघत.

“नेहमीचेच,” सावकाश म्हणाला.

पैलवान मान हलवून गच्चीकडे गेला.

लिफ्ट चौथ्या मजल्याच्या खाली अडकली होती. दाराच्या काचेतून आतल्या बाईंचं नुसतं डोकं दिसत होतं. पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा. एका हाताने त्यांनी आतलं जाळीचं दार आधीच सरकवून ठेवलं होतं.

“कोण आहे बाहेर? माझा जीव गुदमरतोय. दार उघडा!”

“सावकाश, बाई. लिफ्ट वर आली की लगेच—”

“आधी उघडा! हवा येऊ दे! मला दम्याचा त्रास आहे!”

लिफ्ट हलत असताना बाहेरचं दार उघडायचं नाही, हा नियम तो झोपेतही सांगू शकला असता. पण आतून घरघर ऐकू यायला लागली, आणि त्याला वाटलं, ही बाई इथेच, माझ्या समोर जाणार. त्याने तिकोनी किल्ली लावून दार उघडलं. मागे दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वॉचमनला हळूच म्हणाल्या, “किती मायाळू आहेत बघा.” ते त्याला ऐकू गेलं. मायेचा तिथे काही संबंध नव्हता. त्याचे हातपाय गार पडले होते.

उघड्या दारातून मान वर करून त्याने हाक दिली, “घे!”

वर ब्रेक सुटल्याचा खटका वाजला. दोर ताणले. आत एकच हलकं माणूस आणि दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन जास्त, त्यामुळे लिफ्टला आपणहूनच वर यायचं होतं. पैलवानाला चाकाने तिला नुसतं आवरायचं होतं. ती सरकायला लागली. बाईंचे खांदे दिसले. हातातली काठी दिसली. कमर दिसली.

“साऽऽवकाश,” त्याने ओढून म्हटलं.

“साऽवकाश!” वरून पैलवानाने ओ दिली आणि वेग कमी झाला. मालकांनी समाधानाने खाकरून घेतलं.

लिफ्टचा तळ मजल्याच्या फरशीला येऊन भिडला. हाच तो क्षण.

“सावकाश,” सावकाशने तुटक म्हटलं. खाली पाडून. म्हणजे थांब.

“हो भाऊ, सावकाशच घेतोय!” वरून आवाज आला.

लिफ्ट थांबली नाही. आणि बाईंना तर फरशी समोर दिसली होती. त्यांनी काठी बाहेर टेकली, सावकाशचा हात धरला आणि एक पाय बाहेर टाकला. दुसरा आतच होता. आतला पाय वर चालला होता.

“सावकाश!” त्याने पुन्हा म्हटलं, जोरात.

“अगदी सावकाश भाऊ, काळजी नको!”

आता तळ फरशीच्या वर वीतभर होता आणि त्याच्याखाली एक काळी फट उघडत होती. फटीतून गार वारा येत होता. बाईंचा तोल गेला. बाहेरचा पाय फरशीवरून त्या फटीकडे घसरायला लागला. काठी सुटली, फटीतून आत गेली, आणि खाली कुठेतरी आपटल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला. बाईंची नखं त्याच्या मनगटात रुतली होती. दुसऱ्या हाताने त्याने त्यांचा दंड पकडला होता. पण लिफ्टने त्यांना वर ओढायचं आणि त्याने खाली, असं किती वेळ चालणार होतं?

वळसा घालायला शब्द उरला नव्हता. वैरी समोर उभा होता.

“थ—”

जीभ दातांना चिकटली. मान ताठ झाली. तोंड वेडंवाकडं झालेलं त्याला जाणवलं, शाळेत व्हायचं तस्सं.

“थ-थ-थ—”

“ऑं?” वरून पैलवान.

“थ-थ-थ-थ-थांब!”

खाड्‌कन ब्रेक पडला. लिफ्ट जागच्या जागी गचका खाऊन उभी राहिली. सावकाशने बाईंना कमरेला विळखा घालून उचललं, मालकांनी पाय धरले, आणि दोघांनी त्यांना दवाखान्याच्या बाकावर आणून बसवलं. डॉक्टरीणबाई धावल्या. कुणी पाणी आणलं. बाईंच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि घोट्यावर खरचटलं होतं, बाकी सगळं जागच्या जागी होतं.

श्वास ठिकाणावर आल्यावर बाई चष्मा नीट करत म्हणाल्या, “मी जन्मभर शाळेत शिकवलं. पण एक शब्द पुरा ऐकायला इतका वेळ मला कधी लागला नाही हो.”

पैलवान धापा टाकत गच्चीवरून खाली आला. “काय झालं?”

“काय झालं?” मालकांचा आवाज सगळ्या जिन्यात घुमला. “बाईंचा पाय गेला असता! तो माणूस कंठशोष करतोय आणि तू चाक फिरवतोयस. कान आहेत की नुसती भोकं?”

“मालक, ते ‘सावकाश’ म्हणाले. मी सावकाश घेतलं.”

“अरे, सावकाशसारख्या माणसाची त-त-प-प झाली! इतक्या वर्षांत मी त्याला असं कधी बघितलं नाही. यावरून समज तू काय करून ठेवलंस. उद्यापासून येऊ नकोस.”

ग्रीसने माखलेले हात कुठे ठेवावेत ते पैलवानाला कळेना. तो सावकाशकडे वळला. “भाऊ, तुम्ही सांगा ना. तुम्ही काय म्हणालात?”

सगळे सावकाशकडे बघत होते. वॉचमनच्या, डॉक्टरीणबाईंच्या, मालकांच्या नजरेत त्याला एकच गोष्ट दिसली. बिचारा! दुसऱ्याच्या जिवासाठी किती हादरला! म्हणजे तोंड वाकडं झालेलं पाहूनही ते त्यालाच पाहत होते, तो बर्फवाला, थंड डोक्याचा. त्या अडखळण्याचाही त्यांनी त्याच्या कोटाला एक नवा बिल्ला करून टाकला होता. त्याने फक्त गप्प बसायचं होतं.

“मालक,” तो म्हणाला, “याची… चूक… नाही.” सवयीने शब्द पायरीपायरीने आले.

“ऐकलंत?” मालक सगळ्यांकडे वळले. “एवढं होऊनही त्याचीच बाजू घेतोय! याला म्हणतात मन.”

“मालक, माझं… ऐका. इशारा मीच… चुकीचा—”

“तू बस. तुला धक्का बसलाय. दुसऱ्याचं आपल्या अंगावर घ्यायची तुझी सवयच आहे.”

सावकाशच्या लक्षात आलं. हा आवाजच आड येत होता. या आवाजात त्याने खून केल्याचं कबूल केलं असतं तरी लोकांनी त्याला साधू म्हटलं असतं. पैलवान अजून त्याच्याकडेच बघत होता आणि त्याच्या बघण्यातली आशा कमी होत चालली होती.

सावकाशने एक श्वास घेतला आणि मग आईने दिलेली गोष्ट हातातून खाली ठेवावी तशी ती युक्ती सोडून दिली. शब्द ओढणं नाही, वळसा नाही. घाईने, जसं येईल तसं.

“म-म-मला थ-थ-थांब म्हणता येत नाही. ल-लहानपणापासून. म-म्हणून मी सावकाश म्हणतो. त-तेच हळू, त-तेच थ-थ-थ…” तो अडकला. कुणी हललं नाही. त्याने हाताने मांडीवर थाप मारली. “…थांब. म-मेहुण्याला माहीत आहे. य-याला नाही. याने व-विचारलं होतं. त-तुमच्यासमोर सांगायची ल-लाज वाटली. द-दारही मीच उघडलं. घ-घाबरून.”

वॉचमनच्या तोंडून हसू निसटलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. मालक आधी त्याच्याकडे, मग जमिनीकडे, मग घड्याळाकडे बघायला लागले. ओळखीच्या घरात शिरावं आणि आत वेगळंच बिऱ्हाड दिसावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

फक्त बाकावरच्या बाई सरळ त्याच्याकडे बघत होत्या, वर्गात उत्तर देणाऱ्या मुलाकडे बघावं तसं. “झालं सांगून?” त्यांनी विचारलं.

“ह-हो.”

“मग आता कुणीतरी माझी काठी काढून द्या.”

काठी काढायला पैलवान गेला.

संध्याकाळी सावकाश घरी आला तेव्हा बायको गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. मेहुण्याचा फोन तिला आधीच येऊन गेला होता, हे तिच्या पाठीवरूनच कळत होतं. तो दारात उभा राहिला. काय बोलावं आणि कुठल्या आवाजात, हेच त्याला समजेना.

“तुला सांगायचं होतं,” त्याने सुरुवात केली.

“काय? अडखळता ते?” तिने टॉवेल झटकला. “अहो, लग्न झाल्यापासून शेजारी झोपते मी. झोपेत तुम्ही भांडता. चांगले कडाकडा भांडता, आणि अडखळत भांडता.”

“म-मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“जागेपणी तुम्ही एवढा जपून ठेवलेला ऐवज. मी कशाला उघडू?” तिने घडी घातलेले कपडे त्याच्या हातात दिले. मग जरा रागाने म्हणाली, “एवढंच वाटायचं, की झोपेत जो माणूस भांडतो तो कधीतरी जागेपणी भेटावा. माझं मीच बोलून कंटाळा आलाय.”

तो कपडे छातीशी धरून उभा राहिला. इतकी वर्षं आपण दार लावून बसलो होतो आणि भिंत मुळात काचेची होती, यावर हसावं की चिडावं हे त्याला ठरवता येईना.

पैलवानाची नोकरी राहिली. शिकवण्याच्या कामाबद्दल मालकांनी नंतर दोनदा “बघू” म्हटलं आणि मग ते बोलणंच काढलं नाही. ते सावकाशशी आता मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागले, बहिऱ्याशी बोलावं तसे. नव्या गिऱ्हाइकांना बर्फाच्या लादीची गोष्ट सांगणंही त्यांनी बंद केलं. हे सावकाशला लागलं. कोट दुसऱ्याचा होता हे खरं, पण तो घालून वावरायची अंगाला सवय झाली होती.

मेहुणा मात्र दुसऱ्याच दिवशी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाला, “भावजी, मला वाटायचं ती तुमची स्टाइल आहे. मी घरी पोरांनाही तसंच सांगतो. सावकाश! की पोरं जागच्या जागी उभी.”

“आता काय करायचं ते ठरवा,” पैलवान म्हणाला. त्याच्या आवाजात अजून थोडा ताठा होता. “मला पुन्हा घोटाळा नको. शिट्टी आणू का?”

“श-शिट्टी नको,” सावकाश म्हणाला. “मी म्हणेन.”

“अहो, पण तुमचं पुरं होईपर्यंत लिफ्ट छपराला लागेल!”

मेहुण्याने कप खाली ठेवला. “त्यात काय एवढं? पहिला ‘थ’ ऐकला की ब्रेक टाकायचा. बाकीचे ‘थ’ मोजत बसायचं नाही.”

सगळे हसले. सावकाशचे कान तापले. शाळेतलंच हसणं ते. मग त्याने पाहिलं तर पैलवान हसत नव्हता. तो ओठांतल्या ओठांत ‘थ’ म्हणून बघत होता आणि हाताने हवेतला ब्रेक टाकत होता.

पुढचा फोन चार-पाच दिवसांनी आला. एका बँकेच्या इमारतीत सामानाची लिफ्ट अडकली होती, आत दोन हमाल. पैलवान वर गेला. सावकाश दाराशी उभा राहिला. पोटात गोळा होताच, पाठीला घाम होताच, त्यात काही बदललं नव्हतं. उलट आता एक भीती वाढली होती. सगळ्यांना माहीत होतं. या वेळी दार त्याने बंदच ठेवलं आणि काचेला डोळा लावला.

“घे!”

दोर हलले. हमालांची डोकी, मग खांदे, मग गुडघे. तळ खालून वर यायला लागला. “साऽऽवकाश,” त्याने ओढून म्हटलं, आणि वरून विचारणा आली, “म्हणजे हळू ना, भाऊ?”

“हळू!”

तळ फरशीला भिडायला आला. सावकाशने तोंड वर केलं. जीभ दातांना चिकटली.

“थ—”

ब्रेक पडला. लिफ्ट फरशीला बरोबर समांतर उभी राहिली. आतले हमाल दार उघडायची वाट बघत होते. पण सावकाश अजून तोंड वर करूनच उभा होता, मान ताठ, डोळे मिटलेले. वरून पैलवान काही बोलला नाही. चाकावर हात ठेवून तोही तसाच उभा राहिला असावा.

“थ-थ-थ… थांब,” सावकाशने शब्द पुरा केला, आणि मग किल्ली लावली.